पणजीच्या बेकरीत गोड खायला जाताना

गोव्यात सुट्टी घालवून परतणाऱ्या मराठी कुटुंबाच्या गाडीत शेवटच्या दिवशी काजूची पाकिटे, कोकम आगळाची बाटली आणि रस्त्यावरच्या दुकानातून घाईने उचललेले बेबिंकचे, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड पदार्थाचे, एखादे खोके हमखास असते. ते खोके घरी आल्यावर आठवड्याने उघडले जाते, सगळे जण एकेक तुकडा तोंडात टाकतात आणि गोव्याच्या गोडात काही फारसा दम नसतो असा निकाल लावून मोकळे होतात. हा निकाल मला मनापासून अन्यायाचा वाटतो. गेली बरीच वर्षे आम्ही कोल्हापूरहून घाट उतरून पणजीला जातो आणि त्या फेऱ्यांमध्ये एक गोष्ट पक्की कळली आहे, ती अशी की तिथल्या बेकरीतल्या गोडाची चव वेळेवर अवलंबून असते. आपण दुकानात कधी पोहोचतो, वर्षाच्या कोणत्या महिन्यात जातो आणि पदार्थ भट्टीतून निघाल्यापासून किती वेळ गेला आहे, या तीन गोष्टी सांभाळल्या तर तोच पदार्थ अगदी निराळा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून हे सगळे सविस्तर लिहीत आहे.

बेकरीसाठी पणजीच का, असे कुणी विचारील. कळंगुट, बागा, कोलवा अशा किनाऱ्यांवरही बेकऱ्या आहेत आणि गावागावांत पोदेर म्हणजे पाववाला सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत फिरतोच; पण पणजी हे मांडवी नदीच्या मुखाशी वसलेले, चालत फिरता येईल एवढेच शहर आहे, तिथे जुन्या बेकऱ्या एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः स्थानिक लोक आहेत. जिथे शेजारपाजारचे लोक रोज खरेदी करतात तिथे माल पडून राहत नाही, एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते. शहरातला फोंतेन्हास हा जुना भाग, म्हणजे आल्तिनोच्या टेकडीखालची ती रंगीत घरांची वस्ती, तिथल्या ३१ जानेवारी रस्त्यावर त्याच नावाची ‘कॉन्फेइतारिया ३१ द जानेइरो’ ही जुनी बेकरी आहे, आणि शहराच्या मध्यावर महापालिकेच्या उद्यानासमोर ‘मिस्टर बेकर १९२२’ आहे. या दोन ठिकाणांपासून सुरुवात करावी आणि मग पाय नेतील तिकडे जावे. तुमच्या मुक्कामाजवळची, पाटी पुसट झालेली एखादी बेकरी याहूनही सरस निघू शकते.

कधी जावे

सुट्टीवर आपण उशिरा उठतो, नाश्ता हॉटेलात करतो, दुपारी समुद्रावर जातो आणि गोड खायची आठवण रात्री जेवण झाल्यावर होते. बेकरीचे वेळापत्रक याच्या नेमके उलटे चालते. पावाची भट्टी मध्यरात्रीनंतर पेटते, पहाटे पाव आणि उंडे, म्हणजे कडक कवचाचे गोल पाव, निघतात, आणि पावाचा मोठा ताव ओसरल्यावर त्याच उरलेल्या धगीवर केक, बिस्किटे आणि गोडाचे साचे आत जातात. त्यामुळे सकाळी साडेआठ ते साडेदहा हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. फडताळात सगळे मांडलेले असते, काउंटरवरच्या माणसाला दोन शब्द बोलायला सवड असते आणि शाळा-कचेरीला जाणाऱ्यांची पहिली गर्दी ओसरलेली असते. दुसरी बरी वेळ संध्याकाळी चार ते सहाची, तेव्हा पॅटिस आणि चहाबरोबरची बिस्किटे ताजी मिळतात.

दुपारी मात्र जाऊ नये. गोव्यात साधारण एक वाजल्यापासून साडेतीन-चारपर्यंत जुनी दुकाने बंद असतात, दुपारची वामकुक्षी हा तिथल्या दिवसाचा मान्य भाग आहे, आणि बंद दारासमोर उन्हात उभे राहून चडफडण्याला काही अर्थ नाही. रविवारी पुष्कळ बेकऱ्या पूर्ण बंद तरी असतात किंवा सकाळपुरत्या उघडतात, म्हणून शनिवार-रविवार जोडून जाणाऱ्यांनी बेकरीचा बेत शनिवारी सकाळीच उरकावा.

महिन्यांचे म्हणाल तर डिसेंबरला तोड नाही. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात (ओल्ड गोवा या गावी) संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, असतो, ८ डिसेंबरला पणजीच्या पांढऱ्याशुभ्र चर्चचे फेस्त असते, आणि तिथून नाताळापर्यंत बेकऱ्यांमध्ये एकसारखी धांदल चालू राहते. एरवी न दिसणारे कितीतरी पदार्थ याच दिवसांत काउंटरवर येतात: कुलकुले, नेवऱ्या, दोस, पिनाग्र, कोकाद. नाताळात ख्रिस्ती घरांतून शेजाऱ्यांकडे गोडाची जी तबके जातात त्यांना कोंसुआद म्हणतात, आणि हिंदू शेजारी चतुर्थीला किंवा दिवाळीला फराळाचे ताट पाठवून ती परतफेड करतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच असते, त्यामुळे ही देवाणघेवाण पाहताना मराठी माणसाला परके असे काही वाटत नाही. मात्र २० डिसेंबरनंतर गेलात तर रांग लावण्याची तयारी ठेवा, आणि अर्धा किलोपेक्षा जास्त काही हवे असेल तर दोन दिवस आधी सांगून ठेवा.

पावसाळ्यात जाऊ नका असे मी म्हणणार नाही, कारण जुलैत पणजीला गर्दी नसते आणि पावसात भट्टीच्या वासाने भरलेल्या दुकानात शिरण्याचे सुख काही औरच आहे. फक्त कुरकुरीत जिनसांची अपेक्षा कमी ठेवावी, कारण हवेतली ओल बिस्किटांना दोन दिवसांत सादळवते. मे महिन्यात याउलट नारळाच्या दुधाचे पदार्थ जपावे लागतात. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

पोहोचणे आणि तिथले वागणे

रेल्वेने येणाऱ्यांना पणजीसाठी करमळी स्थानक सर्वांत जवळ पडते. बसने आलात तर कदंब स्थानकातून पाटोचा पूल ओलांडून फोंतेन्हासपर्यंत चालत जाता येते. स्वतःची गाडी असेल तर ती पाटोकडे किंवा नदीकाठी लावून चालत जावे, कारण फोंतेन्हासचे रस्ते दोन गाड्या समोरासमोर आल्या तर दोघींचीही अडचण होईल इतके अरुंद आहेत.

त्या वस्तीविषयी एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे. तिथली पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरे ही माणसे राहत असलेली घरे आहेत. खिडकीशी बसलेल्या आजीचा फोटो न विचारता काढणे, कुणाच्या पायरीवर बसून केक खाणे, कागद तिथेच टाकणे, मोठ्याने हाका मारणे, या सगळ्याने तिथले रहिवासी त्रासलेले आहेत आणि काही घरांवर तशा पाट्याही लागल्या आहेत. बेकरी त्यांच्या शेजारची आहे, आपण तिथे तासाभराचे पाहुणे आहोत, हे ध्यानात ठेवून गेले म्हणजे पुरे.

काउंटरवर

आत गेल्याबरोबर बोट दाखवून मागू नये. आधी दोन मिनिटे नुसते पाहावे. कोणते ताट भरलेले आहे आणि कोणत्या ताटात शेवटचे चार तुकडे उरले आहेत, स्थानिक माणसे काय घेत आहेत, कोणत्या जिनसा प्लास्टिकच्या पाकिटात बंद आहेत आणि कोणत्या उघड्या काचेखाली आहेत, हे पाहिले की निम्मे उत्तर मिळते. मग विचारावे. पणजीत मराठी सर्रास समजते, हिंदी-इंग्रजीही चालते, पण कोकणीतले दोन-चार शब्द वापरले तर समोरच्याचा चेहरा उजळतो हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. पुरुषाला ‘बाब’ आणि बाईला ‘बाय’ म्हणावे. ‘आयज ताजें कितें आसा?’ म्हणजे आज ताजे काय आहे, ‘हातूंत तांतयां आसात काय?’ म्हणजे यात अंडी आहेत का, ‘हें कितले दीस उरता?’ म्हणजे हे किती दिवस टिकते, आणि निघताना ‘देव बरें करूं’. एवढ्यावर काम भागते.

यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. एकदा मी बेबिंक मागितली तेव्हा काउंटरवरच्या वयस्कर बाईंनी चाकू हातात घेतला, काचेखालच्या ठोकळ्याकडे एकवार पाहिले आणि चाकू परत खाली ठेवला. ‘हें आयजचें न्हय बाय, कालचें. फाल्यां सकाळीं येयात,’ असे त्या म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी मागच्या पत्र्याच्या ताटातून एक बोलिन्यास, म्हणजे रवा-खोबऱ्याचे बिस्किट, उचलून माझ्या हातावर ठेवली. ती अजून कोमट होती. वर काट्याने ओढलेल्या आडव्या-उभ्या रेघा, कडा बदामी झालेल्या, मध्यभाग फिकट. दाताखाली आधी रवा लागला, मग ओल्या खोबऱ्याचा ओलावा आणि शेवटी वेलचीचा वास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्थातच बेबिंकसाठी परत गेले. तुम्ही मोकळेपणाने विचारलेत तर चांगला बेकरीवाला असाच मोकळेपणाने सांगतो.

बेबिंक

बेबिंकविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दलच आहेत. ती केक नव्हे. नारळाचे जाड दूध, साखर, पुष्कळशी अंड्यांची पिवळी बलके, थोडा मैदा, तूप आणि जायफळ यांचे पातळ मिश्रण करून त्याचा एक थर भांड्यात ओततात आणि वरून आच देऊन भाजतात. थर वरच्या बाजूने तांबूस झाला की त्यावर तूप सोडतात आणि पुढचा थर ओततात. जुन्या पद्धतीत मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचा विस्तव करीत, त्यामुळे प्रत्येक थराचा फक्त माथा भाजला जाई आणि खालचा भाग मऊ राही. कापल्यावर दिसणाऱ्या त्या गडद-फिकट रेघा अशा तयार होतात. परंपरेने सात थर मानले जातात, काही जण सोळापर्यंत जातात. एकेका थराला दहा-पंधरा मिनिटे धरली तर सात थरांना दीड-दोन तास भट्टीजवळून हलता येत नाही, आणि ही मेहनत ठाऊक असली की तिची किंमत जास्त वाटत नाही. जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठातल्या बेबियाना नावाच्या जोगिणीने ती प्रथम केली, मठात कपड्यांच्या खळीसाठी अंड्यांचे पांढरे वापरले जाई आणि उरलेल्या बलकांचे काय करायचे या विचारातून हा पदार्थ निघाला, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, बलकांचे प्रमाण पाहता ती पटण्यासारखी आहे. २०२३ साली गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळाले.

चांगली बेबिंक ओळखायची कशी? कापलेल्या बाजूकडे पाहावे. थर एकमेकांना धरून असावेत, पण एकमेकांत विरघळलेले नसावेत. बोटाने हळूच सोडवला तर वरचा थर पदरासारखा सुटून यावा. रंग गडद बदामी असावा, काळपट नसावा. वास घेतल्यावर आधी जायफळ आणि तूप यावे. खोबरेल तेलासारखा किंवा खवट वास आला तर घेऊ नये, मग दुकान कितीही नावाजलेले असो. हाताला ओलसर चिकटपणा लागला तरी चालतो, पण तळाला पाणी सुटलेले असेल तर ती एकदा थंड करून पुन्हा बाहेर काढलेली असण्याची शक्यता असते.

हा खवट वास मला चांगलाच माहीत आहे. पहिल्या सहलीच्या वेळी मे महिन्यात आम्ही हमरस्त्यावरच्या एका दुकानातून बेबिंकची चार खोकी घेतली, गाडीच्या डिकीत टाकली आणि सहा तासांनी घरी पोहोचलो. सासूबाईंनी हौसेने पहिला तुकडा घेतला आणि काही न बोलता तसाच ताटलीत ठेवला. नंतर खोक्यावर पाहिले तर ते पाच आठवड्यांपूर्वी भरलेले होते. त्यानंतर बंद खोके घेताना भरल्याची तारीख वाचल्याशिवाय आम्ही पैसे दिलेले नाहीत, आणि शक्यतो ठोकळ्यातून समोर कापून दिलेलीच बेबिंक घेतो.

खाताना तुकडा पातळ घ्यावा. हा अतिशय जड पदार्थ आहे, दोन माणसांना शंभर ग्रॅम पुरते. उपाहारगृहांत ती व्हॅनिला आइस्क्रीमबरोबर देण्याची पद्धत पडली आहे आणि मुलांना तसे आवडतेही, पण आइस्क्रीमच्या गारव्यात जायफळाचा वास हरवतो असे माझे मत आहे. निदान पहिले दोन घास नुसते, किंचित कोमट खावेत.

बेबिंकखेरीज

पहिल्या फेरीत मोठा पुडा बांधून घेण्यापेक्षा चार-पाच जिनसांचे एकेक-दोनदोन नग घ्यावेत, खाऊन पाहावेत आणि आवडेल ते निघायच्या दिवशी जास्त न्यावे. बोलिन्यास वर आलीच आहे. आपल्या नानकटाईची ही रवा-खोबऱ्याची बहीण म्हणावी, फक्त हिच्यात अंडे असते. बात किंवा बातिका हा रवा आणि ओल्या खोबऱ्याचा केक. त्याचे पीठ रात्रभर मुरवतात, म्हणून रवा फुलून तुकडा भरीव पण ओलसर होतो, आणि वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी असते. चहाबरोबर खायला याच्याइतके चांगले पणजीत दुसरे काही नाही, असे माझे ठाम मत आहे.

दोदोल हा वेगळ्याच जातीचा पदार्थ. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून तांब्याच्या भांड्यात तासन्‌तास ढवळतात, भांड्याच्या कडेने तेल सुटेपर्यंत हात थांबवता येत नाही. तयार वडी जवळजवळ काळी, चकचकीत आणि बोट लावल्यास किंचित दबून परत वर येणारी असते. रंग तपकिरी आणि फिकट असेल तर माडाच्या गुळाऐवजी उसाचा गूळ वापरला आहे असे समजावे. ते वाईट नसते, पण माडाच्या गुळाला जो धुरकट, खोल गोडवा असतो तो त्यात येत नाही. दोस ही चण्याची डाळ, खोबरे आणि साखर आटवून थापलेली वडी, आपल्या घरच्या वड्यांच्या इतकी जवळची की पहिल्या घासालाच ओळख पटते. पिनाग्र म्हणजे भाजलेल्या उकड्या तांदळाचे पीठ, गूळ आणि खोबरे यांचे लांबट मुटके. कोकणातल्या घरांत वाढलेल्यांना ते खाताना लहानपणचे लाडू आठवतात. पेराड ही पेरूच्या गराची विटकरी, अर्धपारदर्शक वडी. नावातच पेरू आहे, आणि प्रवासात नेण्याला ती सर्वांत सोयीची.

जे नेता येत नाही ते तिथेच खावे. सेर्रादुरा हे पोर्तुगीज नाव म्हणजे लाकडाचा भुसा. फेटलेल्या सायीच्या थरांमध्ये बारीक कुटलेली बिस्किटे घालून ते थंड करतात आणि वरचा थर खरेच भुशासारखा दिसतो. काही बेकऱ्यांमध्ये पाश्तेल द नाता, म्हणजे लिस्बनची ओळख असलेली अंड्याच्या कस्टर्डची वाटीसारखी पेस्ट्री, मिळते. तिचे कवच तासाभरात मऊ पडते, म्हणून घेतली की दुकानाच्या दारातच संपवावी.

गोव्याचे खाजेही पुष्कळांना हवे असते. ते बेकरीत शोधू नये. ती जत्रेतल्या ठेल्यांवरची जिन्नस आहे आणि तिथेच ती ताजी मिळते.

अंडी न खाणाऱ्यांसाठी

आमच्या गटात दर वेळी निदान दोघे तरी अंडी न खाणारे असतात, आणि बेकरीत त्यांनी नुसते उभे राहावे असे मला कधीच वाटले नाही. बेबिंक, बोलिन्यास, बात आणि पाश्तेल यांत अंडे असतेच. दोदोल, दोस, पिनाग्र आणि पेराड मुळातच अंड्याशिवाय होतात आणि गोव्याच्या गोडाची खरी खोली त्यांतही तितकीच आहे. तरीही प्रत्येक दुकानाची रीत वेगळी असते, म्हणून दर वेळी विचारून घ्यावे. दुसरे असे की याच काउंटरवर मटणाचे पॅटिस आणि चोरिसाचे, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजचे पाव ठेवलेले असतात आणि उचलायचा चिमटा बहुधा एकच असतो. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘वेगळ्या चिमट्याने किंवा कागदाने द्या’ असे आधीच नम्रपणे सांगावे. आम्हाला यासाठी आजवर कुणी नाही म्हटलेले नाही. याच कारणासाठी मी सकाळी लवकर जाते, कारण गर्दीच्या वेळी अशा सूचना पाळणे दुकानदारालाही जड जाते.

कुठे बसून खावे

जुन्या बेकऱ्यांमध्ये बसायची जागा फारशी नसते, एखादे-दुसरे बाकडे असले तर असते. घेतलेला पुडा घेऊन महापालिकेच्या उद्यानातल्या बाकावर बसता येते, नाहीतर मांडवीच्या काठाने चालत जाऊन नदीकडे तोंड करून बसावे. मिरामारचा किनारा शहरापासून तीन-एक किलोमीटरवर आहे, संध्याकाळी तिकडे जाणार असाल तर बात आणि बोलिन्यास बरोबर न्यावी; दोदोल मात्र नेऊ नये, कारण वाळूचा एक कण चिकटला की तो सुटत नाही. बरोबर पाण्याची बाटली, एक लहान सुरी आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा ठेवावा. कागदी रुमाल तुपाच्या पदार्थांपुढे टिकत नाहीत. गोडाच्या आधी एखादा उंडो किंवा पोय, म्हणजे कोंड्याचा पाव, खाल्ली तर पोट शांत राहते आणि गोडही जास्त चवीने जाते. ही पावाची विद्या पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आली, पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरीत, आणि आपण रोज वडा ज्यात घालतो त्या पावाचे नावही पोर्तुगीजच आहे.

घरी नेताना

न्यायच्या वस्तू निघायच्या दिवशी सकाळीच घ्याव्यात, आधी घेऊन खोलीत ठेवू नयेत. कोणती वस्तू किती दिवस टिकेल याचा माझा अनुभव असा: पेराड कित्येक आठवडे राहते, बोलिन्यास घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे चांगली राहते, दोदोल आठवडाभर बाहेर आणि त्यापुढे फ्रीजमध्ये, बात तीन-चार दिवस, दोस चार-पाच दिवस, आणि ताजी बेबिंक उन्हाळ्यात बाहेर दोन दिवसांपलीकडे ठेवण्याचे धाडस मी करीत नाही. नारळाचे दूध हे यातले नाजूक कारण आहे, ते उष्णतेने लवकर खवट होते. म्हणून बेबिंक डिकीत ठेवू नये. गाडीच्या आत, पायाशी, ऊन न लागेल अशा जागी ठेवावी, आणि मे महिना असेल तर बर्फाच्या पिशवीबरोबर थर्मासच्या पेटीत. गरम बेबिंक लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आतल्या वाफेने ती घामाघूम होते, त्यामुळे ती पूर्ण निवल्यावर आधी बटर पेपरमध्ये आणि मग डब्यात भरून घ्यावी. दुकानदाराला ‘प्रवासाला न्यायची आहे’ असे सांगितले तर बहुतेक जण तशी बांधून देतात.

बोलिन्यास आणि दोदोल एकाच डब्यात कधीही ठेवू नयेत. दोदोलातला ओलावा बिस्किटे शोषून घेतात आणि दोन्ही बिघडतात. पेराड उष्णतेने कडेला थोडी चिकट होते, म्हणून दोन वड्यांमध्ये कागद घालून ठेवावी.

घरी आल्यावर फ्रीजमधली बेबिंक तशीच वाढू नये, थंडीने तूप गोठून ती मेणासारखी लागते. करंगळीएवढ्या जाडीचे तुकडे करावेत, लोखंडी तवा अगदी मंद तापवून तुकडे आडवे ठेवावेत आणि तूप वितळून कडा चमकू लागल्या की लगेच काढावेत; दोन्ही बाजू मिळून दोन मिनिटे पुरतात. दोदोल फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावा आणि सुरीला तुपाचा हात लावून कापावा, म्हणजे वडी सुरीबरोबर ओढली जात नाही.